वामनची डावी बाजू

शेवटच्या भेटीत मी वामनच्या डाव्या बाजूला बसलो. अख्ख्या जबलपुरात ही चूक करण्याचा अधिकार नसलेला एकच माणूस होता, तो मी. झालं असं, की दवाखान्यातल्या सिस्टरनं दारातच दटावलं, "दादाजी, पेशंट से बात नहीं करना, थक जाते हैं." दिसली त्या खुर्चीत मी बसलो आणि खुर्ची नेमकी पलंगाच्या डाव्या अंगाला होती. तो छताकडे बघत पडला होता. मला वाटलं, मी आलोय हे त्याला कळलंय, बोलायचं त्राण नाही म्हणून गप्प आहे. त्याला वाटलं, खोलीत कोणी नाही. असे आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांची वाट बघत राहिलो... मग मी पाय न वाजवता उठून आलो आणि जिना उतरताना स्वतःच्या संयमाचं मनातल्या मनात कौतुकही केलं. जन्मात पहिल्यांदा मी कुठेतरी तासभर तोंड मिटून बसलो होतो. संध्याकाळी त्यानं कुसुमवहिनींना विचारलं, "विन्या नाही आला काय?" वहिनी म्हणाल्या, "अहो, आले होते की. तासभर बसून होते." "काही बोलला?" "नाही, गप्पच होते बिचारे." त्यावर वामन म्हणाला, "मग तो विन्या नसेल." त्याच आठवड्यात तो गेला.

वामन डोरले हे नाव या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. बास्केटबॉल हा आपल्याकडे शाळेच्या मागच्या अंगणात खेळायचा आणि दहावीत सोडून द्यायचा खेळ. पण एका काळी या खेळावर पोट भरणारी माणसं जबलपुरात होती, आणि त्यांच्यात वामन सगळ्यांत मोठा होता. उंचीनं नव्हे. आईबापांनी नाव ठेवलं आणि देवानं ते मनावर घेतलं, असं तो स्वतःच म्हणायचा. आमच्या संघाचा कॅप्टन गुरबचन पाजी त्याला बगलेत धरून उभा राहायचा तेव्हा पाजीनं छत्री घेतल्यासारखं दिसायचं. पण पाच जणांच्या संघात एक जागा अशी असते, की तिथे उंचीचं काही चालत नाही. चेंडू मागून पुढे आणायचा, समोरचे कसे उभे आहेत ते पाहायचं आणि कुणाच्या हातात कधी द्यायचा ते ठरवायचं. आता त्याला पॉइंट गार्ड म्हणतात, आम्ही नुसतं गार्ड म्हणायचो. ज्याला चारी बाजूंचं एकदम दिसतं, तो गार्ड. आणि वामनला एका बाजूचं दिसत नव्हतं.

बासष्टच्या लढाईनंतर इथल्या फॅक्टऱ्यांत भरती सुरू झाली, तसे आम्ही दोघं एकाच फॅक्टरीत लागलो. वामन कांचघर मोहल्ल्यातला. वडील गेलेले, घरात आई आणि दोन लहान बहिणी. मी त्याच्या गल्लीतला, आमचंही मूळ वर्ध्याकडचं. फॅक्टरीचा स्वतःचा संघ होता आणि संघासाठी पोरं घेतली जायची. हातात मशीनवरचं टेम्पररी काम द्यायचे, दुपारनंतर ग्राउंडवर सोडायचे आणि पोरगं चमकलं की पर्मनंट करायचे. वामनला त्याच्या खेळामुळे घेतलं. मला कशामुळे घेतलं हे आजतागायत कोणी नीट सांगितलेलं नाही. निवड झाली त्या दिवशी उंच पोरं कमी आली होती, असं एक मत आहे. मला डावीकडचा फॉरवर्ड केलं, कारण उजवीकडे चांगला माणूस होता.

पासष्टचा सप्टेंबर लागला आणि लढाई सुरू झाली. फॅक्टरीचा भोंगा वेळीअवेळी वाजू लागला, ग्राउंड बंद, सुट्ट्या बंद, सगळ्यांना ओव्हरटाइम. वामन लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर होता. डोळ्यांवर चष्मा लावायचा असतो, पण उन्हाळ्यासारख्या उकाड्यात काचेवर वाफ धरायची, म्हणून तो चष्मा कपाळावर सरकवून काम करायचा. सगळेच करायचे. एका दुपारी धातूची एक बारीक कपची उडाली आणि त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. त्यानं मशीन बंद केली नाही. रुमालानं डोळा दाबून धरला, पाळी संपेपर्यंत एका हातानं रेटून काम केलं आणि गेटबाहेर मला म्हणाला, "सायकल तू चालव. मी मागं बसतो." मी त्याला फॅक्टरीच्या दवाखान्याकडे वळवू लागलो, तर खाली उडी मारली. "तिकडे नाही. तिकडे गेलो तर लिहून ठेवतील. लाइट ड्यूटी देतील, कुठंतरी स्टूलवर बसवतील, आणि ग्राउंड गेलं."

ओमती भागात एक खाजगी डोळ्यांचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कपची काढली, पट्टी बांधली, पुढे बरेच दिवस औषध घातलं आणि शेवटी सांगितलं, की या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळेल, त्यापलीकडे आशा धरू नका. फॅक्टरीत आम्ही सांगितलं, डोळे आलेत. त्या दिवसांत निम्म्या फॅक्टरीचे डोळे आले होते, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही. बाहेरून पाहिलं तर डोळा धड दिसायचा, बुबुळावर एक बारीकसा पांढरा ठिपका, तोही जवळ गेल्यावर. डॉक्टरांच्या जिन्यावर तो मला म्हणाला, "हे तुला माहीत, मला माहीत. आईलाही सांगायचं नाही." मग जिना उतरता उतरता म्हणाला, "विन्या, मला डावीकडे तू दिसून नाही राहिला."

तोवर लढाई थांबली होती आणि आमची सुरू झाली होती. ओव्हरटाइम बंद झाला, आणि टेम्पररी लोकांची छाटणी होणार अशी कुजबुज कँटीनपासून सायकल स्टँडपर्यंत पसरली. एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं, की संघातल्या खेळाडूंना हात लावणार नाहीत. म्हणजे वामनचं गणित सरळ होतं. संघात राहिला तर नोकरी राहिली, नोकरी राहिली तर घर चाललं. आणि संघात राहायचं तर गार्ड म्हणूनच, कारण त्या उंचीच्या माणसाला दुसरी जागा नव्हती.

ग्राउंड पुन्हा उघडलं आणि पहिल्याच आठवड्यात दिसलं, की डावीकडे दिलेला त्याचा प्रत्येक पास हुकतोय. कधी माझ्या मागून जायचा, कधी माझ्या कानावर बसायचा. आमचे स्पोर्ट्स ऑफिसर बागची साहेब कडेला हाताची घडी घालून उभे असत. एकदा त्यांनी पाजीला हाक मारून आम्हांला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "डोरले को क्या हुआ? शादी-वादी का चक्कर है क्या?" पाजी म्हणाला, "ठीक हो जाएगा साहब." साहेब म्हणाले, "जल्दी हो."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर वामननं मला ग्राउंडवर थांबवून घेतलं. "तू एरवी बडबड करतच असतोस. ती कामाला लावू. मोकळा असलास की बोल. कोणी अंगावर आला की गप्प. आवाजावरून मला कळेल कुठे आहेस ते." मी विचारलं, "पण बोलू काय?" तो म्हणाला, "तुला कधीपासून विषय लागायला लागला?"

लोकांना वाटेल बोलणं अवघड गेलं असेल. बोलणं सोपंच होतं. मी धावता धावता कँटीनच्या डाळीपासून बागची साहेबांच्या स्कूटरपर्यंत सगळ्यावर मराठीतून भाष्य करायचो, समोरच्या खेळाडूच्या गुडघ्यांची चेष्टा करायचो, आणि चेंडू येऊन तळहातात बसायचा. तिकडे मान न वळवता दिलेला पास. बघणारे टाळ्या वाजवायचे, म्हणायचे काय स्टाइल आहे. अवघड गेलं ते गप्प राहणं. बोलता बोलता कोणी अंगावर आला तरी माझं वाक्य पुरं झाल्याशिवाय माझं तोंड मिटत नसे, आणि तेवढ्यात वामन चेंडू द्यायचा तो समोरच्याच्या हातात. "अरे, वाक्य अर्धं सोडायला काय पैसे पडतात?" तो चिडायचा. मी म्हणायचो, "गोष्ट रंगात आली होती." त्यावर त्यानं एकदा चेंडू माझ्या पोटात इतक्या जोरात मारला, की मी खरोखरच गप्प झालो. "असंच," तो म्हणाला. "हे लक्षात ठेव."

दिवाळी झाली आणि नोटीस लागली, की सगळ्या टेम्पररी लोकांचं मेडिकल होणार. डोळे तपासणार. वामननं जेवण सोडलं. मी म्हटलं, काळजी नको, हे माझ्यावर सोड. फॅक्टरीच्या दवाखान्यात पोट दुखतंय सांगून मी दोनदा जाऊन बसलो आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची इंग्रजी अक्षरं वरपासून खालपर्यंत पाठ करून आलो. मग रोज सायकलवर वामनकडून घोटून घेतली. ओळीच्या ओळी तो स्तोत्रासारखा म्हणायला लागला. मेडिकलच्या दिवशी रांगेत मी त्याच्या मागेच होतो. डॉक्टर नवे होते, दक्षिणेकडून आलेले, लढाईच्या धामधुमीत इथे बदली झालेली. शेजारी कंपाउंडर तिवारीजी, त्यांचा जन्म इथलाच. वामननं उजवा डोळा झाकता झाकता तक्त्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि तसाच राहिला. तक्त्याला दोन बाजू असतात हे मी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी हिंदी बाजू पुढे होती. माझ्या पोटात तेव्हा खरोखर दुखायला लागलं.

वामन शांतपणे म्हणाला, "सर, हिंदी पढ़ना नहीं आता. मैं मराठी हूँ."

मराठी आणि हिंदीची अक्षरं एकच, हे त्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. तिवारीजींना चांगलं ठाऊक होतं. कांचघरच्या रामलीलेत वामननं हिंदी पाट्या रंगवल्या होत्या, त्याही तिवारीजींनी पाहिलेल्या. त्यांनी वामनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. "मराठी लोगों को अंग्रेज़ी आती है साहब," तिवारीजी म्हणाले आणि तक्ता उलटा केला. वामननं अक्षरं धडाधड म्हटली, अगदी तळाची ओळसुद्धा, जी डॉक्टरांनी विचारलीच नव्हती. बाहेर आल्यावर तिवारीजी माझ्या जवळून जाताना पुटपुटले, "पेट ठीक हो गया आपका?"

मेडिकल पास झालं, पण बागची साहेबांचं समाधान नव्हतं. त्यांना खेळात खोट दिसत होती आणि ती कुठे आहे ते सापडत नव्हतं. थंडीत आमच्याच सिमेंटच्या ग्राउंडवर स्पर्धा होती, आणि फायनलला नागपूरचा संघ आला होता. साहेबांनी वामनला सगळ्यांसमोर सांगितलं, की नागपूरपुढे संघ सांभाळलास तर पर्मनंटचे कागद पुढे पाठवतो, नाही तर नवा गार्ड बघावा लागेल. वामन "जी साहब" म्हणाला. बूट बांधताना मी विचारलं, आज काही वेगळं करायचंय का, तर म्हणाला, "तू फक्त बोल."

नागपूरच्या संघात इंगळे नावाचा एक काटकुळा, उंच पोरगा होता. त्यांच्यातला सगळ्यांत चपळ, समोरच्याला जखडून ठेवण्यात पटाईत. आम्ही धरून चाललो होतो, की तो वामनच्या किंवा पाजीच्या अंगावर सोडला जाईल. शिटी वाजली आणि इंगळे सरळ माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मला वाटलं रस्ता चुकला. मी उजवीकडे गेलो, तो आला. मी डावीकडे गेलो, तो आला. नागपूरचा सगळ्यांत चांगला बचावपटू आमच्या सगळ्यांत वाईट खेळाडूला चिकटला होता. मी मात्र याचा एकच अर्थ लावला, आणि पुढे पन्नासहून जास्त वर्षं घरच्यादारच्यांना, मुलासुनांना, बँकेच्या रांगेत भेटलेल्यांना तो अभिमानानं सांगत आलो, की नागपूरवाले मला घाबरायचे.

पहिला हाफ आम्ही निभावला. इंगळेच्या तावडीतून जरा सुटलो की मी बोलायचो, आणि बोललो की चेंडू यायचा. हाफ टाइमला त्यांचा कोच रेफ्रीकडे गेला. रेफ्री म्हणजे एका शाळेतले पीटी मास्तर, करडा माणूस. ते माझ्याकडे आले. "तुम बहुत बोलते हो. अब एक शब्द निकला तो बाहर." मी वामनकडे वळलो. त्यानं ऐकलं होतं. आम्ही काही ठरवायच्या आत शिटी झाली.

दुसरा हाफ सुरू झाला. मी गप्प, म्हणजे वामनच्या हिशेबानं मी अडलेला. तो सगळे पास उजवीकडे देऊ लागला, आणि नागपूरवाल्यांना ते कळायला वेळ लागला नाही. त्यांची माणसं उजवीकडे सरकली. आमची आघाडी गेली, मग आम्ही मागे पडलो. कडेला बागची साहेबांनी हाताची घडी सोडली आणि बेंचवरच्या एका पोराला स्वेटर काढायला सांगितलं. तो पोरगा गार्ड होता. मी ते पाहिलं. वामनला दिसलं नाही, कारण बेंच डावीकडे होता.

तेव्हा मी खोकलो. ठरवून नाही, पहिल्या हाफभर बोलून बोलून घसा सुकला होता. आणि चेंडू आला. सरळ हातात. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की खोकल्याला शब्द कोण म्हणणार? मोकळा झालो की मी खोकायला लागलो. साधा खोकला, डांग्या खोकला, म्हाताऱ्याचा खोकला, सगळे प्रकार केले. रेफ्री शिटी तोंडाशी नेऊन माझ्याकडे बघत राहिले, पण खोकल्याविरुद्ध त्यांच्या पुस्तकात नियम नव्हता. पाजीनं पळता पळता विचारलं, "ओए, टीबी है क्या तुझे?" टाइम आउटमध्ये तिवारीजी गर्दीतून बाहेर आले, हातात मिक्श्चरची बाटली. "दो चम्मच," ते निर्विकार चेहऱ्यानं म्हणाले, "पर पूरा ठीक मत होना." साहेबांनी त्या पोराला पुन्हा स्वेटर घालायला लावला.

शेवटी एका बास्केटचं काम उरलं, आम्ही एक गुण मागे. चेंडू वामनकडे, वर मध्यभागी. उजवीकडे दोघं त्याच्या अंगावर. मी गुडघ्यांवर हात टेकून वाकलो होतो, छाती फुटेल असं वाटत होतं, आणि इंगळेला वाटलं असावं, की हा माणूस आता कामातून गेला. मला सोडून तो पाजीकडे धावला. बास्केटखाली, वामनच्या डाव्या अंगाला, मी एकटा. तोंड उघडलं, आणि आवाजच निघाला नाही. घसा साफ बसला होता. मी हात हलवत होतो. हाताचा काय उपयोग, वामनच्या त्या बाजूला माझा हात नव्हताच... माझ्यासमोर त्याचा डावा गाल, त्यावरून ओघळणारा घाम आणि तो पांढऱ्या ठिपक्याचा डोळा, माझ्याकडेच रोखलेला आणि मला न पाहणारा. त्यानं क्षणभर कान दिला. मग मान न वळवता चेंडू डावीकडे सोडला.

तो माझ्या छातीवर आला. यापेक्षा चांगला पास मला कोणी दिला नाही. डोक्यावर बास्केट, जवळपास कोणी नाही, लहान मुलानं टाकावा असा चेंडू. मी तो टाकला आणि थेट कड्यावर मारला. तो उडून वर गेला, तिथे पाजीचा हात होता, आणि पाजीनं तो आत ढकलला. शिटी झाली. लोकांनी पाजीला खांद्यावर घेतलं. पाजी वरून ओरडत होता, "डोरले को उठाओ, डोरले को," पण वामन गर्दीत कुणाला सापडत नव्हता. तो नळाखाली डोकं धरून उभा होता. मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "मी बोललोच नाही, मग तू दिलास कसा?" तो पाणी निथळत म्हणाला, "तू इतका वेळ गप्प राहतोस म्हणजे एक तर तू मेला असशील, नाही तर तुझा घसा बसला असेल. मेला असतास तर रेफ्रीनं शिटी मारली असती." मग भिंतीला टेकून खाली बसला. बागची साहेब आले, त्याच्याकडे बघून पाजीला म्हणाले, "ये लड़का रहेगा," आणि गेले.

तो राहिला. पर्मनंट झाला, बहिणींची लग्नं केली, पुढे राज्याकडून खेळला, फॅक्टरीच्या संघाचा कॅप्टन झाला. माझी जागा लवकरच एका खऱ्या खेळाडूनं घेतली. वामननं त्यालाही बोलायला शिकवलं. त्याला सांगितलं की हीच आपल्या संघाची पद्धत आहे. एकाहत्तरच्या लढाईत पुन्हा ओव्हरटाइम आला, ब्लॅकआउट आला, ग्राउंडवरचे दिवे गेले. वामन पोरांना दिवेलागणीला अंधुक उजेडात खेळवायचा, चेंडू जेमतेम दिसायचा, आणि सगळे एकमेकांना हाका मारत खेळायचे. मी कडेला उभा राहून बघायचो. त्या उजेडात सगळी पोरं चाचपडायची आणि वामन एकटा सहज फिरायचा. मला म्हणाला, "आता कसं बरोबरीत आले सगळे."

लग्न ठरताना त्यानं कुसुमवहिनींना एकांतात सगळं सांगितलं होतं. नोकरी त्यावर टांगलेली आहे, हेही. वहिनींनी विचारलं, "मग घरात तुमच्याकडे कोणत्या बाजूनं यायचं?" तो म्हणाला, "कुठूनही या, फक्त सांगून या." तेव्हापासून वहिनी खोलीत शिरताना "मी आले हं" म्हणतात. तो निवृत्त झाला, लपवायचं कारण उरलं नाही, तरी आम्ही तिघांनी ते कुणाला सांगितलं नाही. सवय झाली होती.

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी नागपूरहून इंगळे समाचाराला आले. दाराशी त्यांना पाहून मी ओळखलंच नाही, काटकुळेपणा गेलाय, काठी आलीय. कांचघरच्या त्याच घरात, वामनच्या खुर्चीसमोर आम्ही बसलो. खुर्चीची डावी बाजू भिंतीला लावलेली, तिकडून कोणी येऊ नये म्हणून. वहिनी आतून चहा घेऊन निघाल्या आणि उंबऱ्याशी म्हणाल्या, "मी आले हं." मग थबकल्या. कप हातात तसेच. इंगळे काही कळेना म्हणून माझ्याकडे बघू लागले. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. म्हणून मी सांगितलं, की वामनला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. लेथ, तक्ता, बडबड, खोकला, सगळं सांगितलं.

इंगळे हळूच म्हणाले, "त्याला दिसत नव्हतं?"

"हो."

"त्याला?" त्यांनी कप खाली ठेवला. "आमचे कोच आदल्या दिवशी तुमची मॅच बघून आले होते. म्हणाले, त्यांच्यात एक जण आंधळा आहे. सारखा बोलून राहतो, आवाज दिल्यावरच गार्ड त्याच्या हातात चेंडू आणून देतो, सांभाळून घेऊन राहिला बिचारा दोस्ताला. इंगळे, तू त्यालाच धर, तिकडूनच टीम फुटते. तोंड बंद केलं की तो हरवेल, हेही त्यांचंच." ते माझ्या चष्म्याकडे बघत होते. "आम्ही तुम्हाला समजून राहिलो होतो, भाऊ. डोरलेच्या त्या बाजूला माणूस टाकायचं आमच्या मनातच नाही आलं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, वामन गेल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाल्या, "हे त्यांना सांगायला पाहिजे होतं हो..."

मी जरा दुखावलोच. म्हटलं, "इंगळे, माझे दोन्ही डोळे तेव्हा ठणठणीत होते. मी आंधळा आहे असं तुम्हाला वाटलंच काहून?"

"काहून नाही वाटणार?" इंगळे म्हणाले. "तुम्ही खेळतच तसे होते."